सीआरपीचा कागद आणि ‘सुधरत नाही’ची तक्रार

सातरस्ता:
कालची पोस्ट: “नैराश्यात विसरायला होतं ते अंगातल्या सुजेमुळे. सीआरपी करा, वाढलेलं निघालं की कारण सापडलंच.” खाली अंगठ्यांचा पाऊस.

सापडलं कुठे? सीआरपी हे सूज दाखवणारं रक्तातलं प्रथिन, यकृतात बनतं, आयएल-६ या सुजेचा निरोप देणाऱ्या रेणूच्या हुकमावर, आणि आयएल-६ पोटावरची चरबीही सोडते. घेर वाढला, आकडा वाढला. दाढ सुजली, वाढला. घोरणाऱ्याचा वाढतो आणि झोपमोडीने त्याचं डोकंही जड राहतं. तिथे दोन्हींचं मूळ तिसरंच. चाचणी हायसेन्सिटिव्हच, म्हणजे बारीक वाढही पकडणारी हवी. लिटरला १ मिलिग्रॅमच्या आत कमी, ३ च्या वर जास्त. १० च्या वर गेलं तर आधी जंतुसंसर्ग शोधा, दोन आठवड्यांनी पुन्हा रक्त द्या. आणि एकक वाचा हो! डेसिलिटरला ०.३ म्हणजेच लिटरला ३.

कडकभाकरी:
म्हणजे पेशंट नाटक करतो? हेपटायटिस सी साठी इंटरफेरॉन हे सूज चेतवणारं औषध द्यायचे तेव्हा चांगल्या मनाच्या माणसांनाही नैराश्य यायचं, लक्ष लागेनासं व्हायचं. सूज आधी, मन नंतर. याहून सरळ पुरावा कुठला हवाय? शिवाय २०१४ च्या जेंडेप अभ्यासात सीआरपी १ च्या आत असणाऱ्यांना एस्सिटॅलोप्रॅम ही नैराश्याची गोळी जास्त लागू पडली, वर असणाऱ्यांना नॉरट्रिप्टिलिन ही दुसरी. आकडा कामाचा आहे.

सातरस्ता:
नाटक हा शब्द तुमचा. नॉरट्रिप्टिलिन अ‍ॅसिटिलकोलिन हे आठवणीला लागणारं मेंदूतलं रसायन अडवतं. तोंड कोरडं, पोट साफ नाही आणि वयस्कांत स्मरणशक्ती आणखी मंद. सीआरपी बघून दिलेली गोळीच विसराळूपणा वाढवणार, मग पुन्हा सीआरपी करायचं का? इन्फ्लिक्सिमॅब या सूज दाबणाऱ्या औषधाचा २०१३ चा अभ्यास बघा: नैराश्याचे ६० पेशंट, एकूण गटात फरक शून्य, फायद्याची चिन्हं फक्त सीआरपी ५ च्या वर असणाऱ्यांत.

कडकभाकरी:
त्या ५ च्या वरच्यांसाठीच तर भांडतोय! सगळ्यांना लागू आहे असं म्हटलंय कोणी?

पूर्वभाग:
कालच्या पोस्टने म्हटलंय. पण मूळ घोळ रक्तात नाहीच, प्रश्नावलीत आहे. पीडीक्यू या विसरण्याच्या तक्रारी मोजणाऱ्या प्रश्नावलीत २० प्रश्न, चार कप्पे: लक्ष, झालेलं आठवणं, करायचं ते आठवणं, आखणी. मुळात मल्टिपल स्क्लेरोसिस या मज्जासंस्थेच्या आजारासाठी बनलेली. आपल्याकडचा माणूस म्हणतो “काय सुधरंना बे”. हे कुठल्या कप्प्यात घालणार? ‘लक्षात राहत नाही’ ही आठवण, ‘सुचत नाही’ ही आखणी, ‘सुधरत नाही’ म्हणजे दोन्ही आणि वर घाबरणंही. घरात तेलुगू बोलणारी बाई मराठी फॉर्म सुनेकडून वाचून घेते. सून ‘कधीकधी’ आणि ‘बऱ्याचदा’ला एकच शब्द वापरते. झाला एका खुणेचा फरक. सुनेने सासूला ‘गॅस बंद करायला विसरता का’ असं विचारलं की दोघींचं भांडण, उत्तर ‘कधीच नाही’.

कडकभाकरी:
मग कन्नडमध्ये, तेलुगूत भाषांतर करा. उलटं भाषांतर करून मूळाशी ताडून बघायची पद्धत आहेच. भाषेचं रडगाणं गाऊन विज्ञान थांबवायचं का?

पूर्वभाग:
रडगाणं? दहा जणांना वाचून दाखवून ‘तुम्हाला यातून काय कळलं’ एवढं विचारायलाही कोणी बसत नाही. मग त्या आकड्याशी आयएल-६ जोडतात. आणि ते आयएल-६ तरी कसं? रक्ताची नळी उन्हाळ्यात तासन्‌तास टेबलावर. पेशी नळीतच आयएल-६ सोडत बसतात. लवकर यंत्रात फिरवून प्लाझ्मा वेगळा करून गोठवला नाही तर तो आकडा पेशंटचा नाही, मे महिन्याचा.

शेंगाचटणी:
आमच्या गल्लीत एक काका होते, त्यांचं…

सातरस्ता:
किस्से नकोत. मिश्रीचं बोला. दोन वेळा मिश्री लावणाऱ्या बाईच्या हिरड्या सुजलेल्या, तंबाखू वेगळाच. फॉर्मवर ‘धूम्रपान: नाही’. संशोधक खूश.

कडकभाकरी:
हे मान्य. आकडा पूर्वभाग यांच्या मे महिन्याचा, हिरड्या तुमच्या, भाषा सुनेची. पेशंटचं काही उरलं असेल तर सांगा.

सातरस्ता:
उरलं. तक्रार आणि कागदावरची चाचणी यांचा मेळ फार कमी बसतो. तक्रार नैराश्याच्या गुणांबरोबर वरखाली होते. त्यात नैराश्य मोजणाऱ्या पीएचक्यू-९ प्रश्नावलीचा सातवा प्रश्नच लक्ष लागण्याबद्दल आहे, म्हणजे तीच गोष्ट दोनदा मोजली. म्हणून अंकचिन्हांची चाचणी घ्या: वर नऊ अंकांची नऊ चिन्हं, खाली रिकामी घरं, ९० किंवा १२० सेकंद. निरक्षराला ही चालत नाही, हे पूर्वभाग सांगतीलच.

पूर्वभाग:
सांगणारच होतो. त्याआधी हिमोग्लोबिन, थायरॉइडचं टीएसएच, बी१२ तपासा. मधुमेहाची मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं चालू असेल तर बी१२ आधी. सीआरपी सगळ्यात शेवटी.

कडकभाकरी:
शेवटी का होईना, करायचं म्हणता ना? बास.