जिथे भेटलो, त्या विद्यापीठासाठी काय करावं?

प्रश्न: आम्ही दोघं विद्यापीठाच्या ग्रंथालयात भेटलो. संदर्भग्रंथ एकच, तोही घरी न नेता येणारा. मग एका टेबलावर बसून वाचला. पान उलटण्याआधी ती माझं वाचून होईपर्यंत थांबायची. लग्नाला 25 वर्षं झाली. आता दोघांच्या नावे शिष्यवृत्ती ठेवायची आहे. पैसे एकदम द्यावेत की दरवर्षी?

उत्तर 1: कायम टिकवायची तर मुद्दल शाबूत ठेवणारा निधी करा. असे निधी साधारणपणे वर्षाला एकूण रकमेच्या 4 ते 5 टक्केच खर्च करतात, उरलेली कमाई निधीतच ठेवतात, म्हणजे महागाईतही मुद्दलाची किंमत टिकते. पण रक्कम मोठी लागते. आणि करारात एक ओळ घालाच: शिष्यवृत्ती ज्या अभ्यासक्रमासाठी असेल तो बंद पडला तर पैसे कुठे वळवायचे.

उत्तर 2: शेवटच्या वर्षी माझं परीक्षा शुल्क एका माजी विद्यार्थ्याच्या मदतीतून भरलं गेलं. रक्कम लहान होती, पण ती नसती तर वर्ष वाया गेलं असतं. त्यांचं नाव मला आजही माहीत नाही. अशा तातडीच्या मदतीचाही विचार करा, अटी कमी ठेवा.

प्रश्नकर्ता: हिला दुसरं उत्तर वाचून दाखवलं. "आधी हेच करू," म्हणाली. यंदा परीक्षा शुल्कापासून सुरुवात करतोय. निधीसाठी दर महिन्याला बाजूला टाकत राहू.