पेट्रोल, मॅन्युअल, फोर बाय फोर आणि पाच सीट: एका गाडीत का मिळत नाही?

घाटवाट_पुणे:
नमस्कार मंडळी. वेल्ह्याच्या पुढे आमची थोडी जमीन आहे, डांबरी संपल्यावर साधारण दीड किलोमीटर कच्चा चढ, आणि पावसाळ्यात तिथे आत्ताची सेडान न्यायचा विषयच नाही, खाली वस्तीत लावून चालत जातो. आता आई-बाबांना तेवढं चालवत नाही म्हणून खरीखुरी फोर बाय फोर (चारही चाकं ओढणारी) घ्यायची ठरवलंय, लो रेंजवाली, म्हणजे गाडी अगदी हळू पण जास्त जोराने चालवणारे वेगळे गिअर असलेली, नुसती उंच दिसणारी नको. आम्ही पाच जण आहोत. शिवाय आठवडाभर हीच गाडी कोथरूड-बावधन ऑफिसला जाणार म्हणजे रनिंग अगदीच जेमतेम, त्यामुळे मला पेट्रोल हवंय. आणि गिअर मॅन्युअल, कारण चिखलात गाडी माझ्या मनाने चालावी, तिच्या मनाने नाही.

आता मजा बघा. थार रॉक्स पेट्रोलमध्ये येते पण फोर बाय फोर फक्त डिझेलला, पेट्रोल घेतली की मागची चाकंच ओढणार. स्कॉर्पिओ एनचं पण तेच, फोर बाय फोर हवी तर डिझेल घ्या. तीन दरवाजांच्या थारमध्ये पेट्रोल मॅन्युअल फोर बाय फोर मिळते पण ती चार सीटर, आणि पुढची सीट वाकवून आईला मागे चढवायचं म्हणजे रोज भांडण. जिमनीत सगळं जुळतं पण तीही चारच सीटची. गुरखा फाइव्ह डोअरमध्ये सीट आहेत, मॅन्युअल आहे, तर इंजिन डिझेल. कंपन्यांना एक पेट्रोल मॅन्युअल फोर बाय फोर पाच सीटर द्यायला काय होतं? आणि नसेलच मिळत तर मी यातलं काय सोडावं?

लो_रेंज:
काय होतं म्हणजे, पैसे लागतात राव. इंजिन आणि गिअरबॉक्सची प्रत्येक जोडी वेगळी ट्यून करावी लागते, वेगळी टेस्ट करून पास करून घ्यावी लागते. तुमच्या घरामागच्या टेकडीवर एआरएआय ही गाड्या तपासणारी संस्था आहे ना, तिथे हेच चालतं. त्यात फोर बाय फोरची भर घातली की जोड्या वाढतच जातात. फोर बाय फोर घेणारे मुळात थोडे, त्यातले पेट्रोलवाले अजून थोडे, त्यातले मॅन्युअलवाले म्हणजे तुम्ही आणि मी. कोण करणार तेवढ्यासाठी?

दुसरं म्हणजे शोरूममध्ये आपल्याला वाटतं की इंजिन वेगळं निवडायचं आणि गिअर वेगळा. तसं नसतं. फॉर्च्युनरचं २.८ डिझेल मॅन्युअलमध्ये ४२० एनएम टॉर्क, म्हणजे चाकं फिरवायचा जोर, देतं आणि तेच इंजिन ऑटोमॅटिकमध्ये ५००. स्कॉर्पिओ एन डिझेल ३७० आणि ४००. तीन दरवाजांची थार पेट्रोल ३०० आणि ३२०. म्हणजे मॅन्युअल मागितलं की इंजिनच थोडं आवळून देतात, क्लच आणि गिअरबॉक्सला झेपेल तेवढंच. चिखलात याचा काही फरक पडत नाही, लो रेंजमध्ये जोर हवा त्यापेक्षा जास्तच असतो, पण मॅन्युअलला जोर कमी मिळतो हे डोक्यात असू द्या.

माझं मत विचाराल तर पेट्रोल सोडा, मॅन्युअल नाही. डिझेलला लो रेंजमध्ये पहिल्या गिअरला टाकून क्लच सोडला की अ‍ॅक्सिलरेटरला पाय न लावता गाडी चढाला लागते. ते सुख पेट्रोलमध्ये नाही.

कोकणी_जिमनी:
शेवटच्या वाक्याशी अजिबात सहमत नाही. मी दापोलीत राहते आणि जिमनी मॅन्युअल चालवते, घर ते बाग असा रस्ता जांभ्याचा, पावसात नुसता साबण होतो. कागदावर बघाल तर माझ्या इंजिनात दम नाही, १३४ एनएम आणि तोही ४००० आरपीएमला. पण गाडी साधारण १२०० किलोची आहे हे कोणी बघतच नाही. जड डिझेल जिथे रुतून बसते तिथून ही वरच्या वर निघते. लो रेंजला टाकली की इंजिन आपोआप वरच्या आरपीएमला राहतं, मग तो ४००० चा प्रश्न पण फारसा उरत नाही. हां, हायवेला कशेडीच्या चढात ट्रक ओव्हरटेक करताना मात्र गिअर पाडून गाणं म्हणावं लागतं.

आणि मॅन्युअलचा खरा फायदा चढताना नाही, उतरताना कळतो. आमच्या बागेच्या उताराला मी वरच थांबते, फोर-लो (फोर बाय फोर, लो रेंजमध्ये), पहिला गिअर, आणि दोन्ही पाय पेडलवरून काढून फ्लोअरवर ठेवते. गाडी माणसाच्या चालीने खाली येते. मध्ये मागचं टोक जरा सरकतं, तेव्हा ब्रेक मारायचा मोह होतो, मारायचा नाही, उलट किंचित अ‍ॅक्सिलरेटर द्यायचा म्हणजे चाक परत पकड घेतं. आणि क्लच दाबायचा तर नाहीच नाही, दाबला की इंजिनने धरलेली गाडी सुटते आणि मग काजूच्या झाडापर्यंत कोणी थांबवत नाही.

पण पाच जणांना जिमनी नका घेऊ. मागे तिसऱ्या माणसाला बेल्टच नाही, विषय संपला.

लो_रेंज:
ताई, वजनाचा मुद्दा मान्य. पण कोनाकोनीची दोन चाकं, एक पुढचं आणि एक मागचं, हवेत गेल्यावर काय? जिमनीला मेकॅनिकल लॉकर (दोन्ही बाजूंची चाकं एकत्र फिरवणारं कुलूप) नाही, हवेतल्या चाकाला ब्रेक लावून दुसऱ्याला जोर देते.

कोकणी_जिमनी:
देते ना, आणि चालतं. फक्त घाबरून पाय काढायचा नाही, अ‍ॅक्सिलरेटर एकसारखा धरून अर्धा सेकंद वाट बघायची, कट कट आवाज येतो आणि गाडी निघते. लोक तेवढ्यातच सोडून देतात आणि म्हणतात गाडीत दम नाही.

डिझेलधूर:
गुरखा फाइव्ह डोअर आहे माझ्याकडे, नवीन इंजिनवाली, म्हणून लिहितो. २.६ डिझेल, १४० पीएस, ३२० एनएम, मूळ घराणं मर्सिडीजचं. पाच गिअर मॅन्युअल, ऑटोमॅटिक मागूनही मिळत नाही त्यामुळे तुमचा अर्धा प्रश्न कंपनीनेच सोडवलाय. पुढचा आणि मागचा दोन्ही डिफरन्शियल लॉक (तेच लॉकर) कंपनीकडूनच येतात, स्नॉर्केल म्हणजे इंजिनला उंचावरून हवा देणारा पाइप कंपनीचा, पाण्यात ७०० मिलिमीटरपर्यंत चालते. तुमचा दीड किलोमीटरचा चढ तिला दिसणार पण नाही.

पण खरं सांगतो, कोथरूड-बावधनला रोज ही? क्लच जड नाही पण गाडी मोठी, चांदणी चौकात संध्याकाळी फर्स्ट-सेकंड, फर्स्ट-सेकंड करून डावा गुडघा बोलायला लागतो. आणि त्याहून मोठी गोष्ट म्हणजे डीपीएफ, ती कुठल्याही बीएस सिक्स डिझेलला लागू. सायलेन्सरच्या लायनीत काजळी धरणारा फिल्टर असतो, तो साफ व्हायला एक्झॉस्ट चांगला तापावा लागतो, म्हणजे सलग वीसेक मिनिटं तरी मोकळ्या रस्त्यावर गाडी पळाली पाहिजे. सात किलोमीटर ट्रॅफिकमध्ये जाऊन गाडी बंद करायची हे रोज केलं तर तो भरत जातो. माझ्या आधीच्या डिझेलला (वेगळ्या कंपनीची) हेच झालं, लाइट लागली, सर्व्हिस सेंटरवाल्याने दोनदा नुसती मिटवून दिली आणि तिसऱ्यांदा गाडी लिम्प मोडमध्ये, म्हणजे जोर कमी करून नुसती रांगायला लागली. कारण काय ते मला कोणी सांगितलं नाही, मी स्वतः वाचून काढलं.

तुम्ही शनिवार-रविवार वेल्ह्याला जाणार म्हणजे हायवेचा तुकडा मिळेल, त्यात फिल्टर साफ होईल. दर आठवड्याला नक्की जाणार असाल तरच डिझेल घ्या.

ह्यूस्टनकर:
इथला अनुभव सांगतो, म्हणजे तुम्हाला एकटं वाटणार नाही. अमेरिकेत रँग्लरला मॅन्युअल मिळतो पण फक्त ३.६ व्ही सिक्स पेट्रोलला. २.० टर्बो घेतलं की ऑटो, हायब्रिड आली तीही ऑटोच, व्ही एट घेतली तरी ऑटो. मध्ये काही वर्षं ३.० डिझेल होतं, त्याला पण ऑटोच, आणि आता ते डिझेलच नाही. ब्रॉन्कोचं उलट: सात स्पीड मॅन्युअल, त्यातला एक खास क्रॉलर गिअर (अगदी रांगत चालायचा), एकदम सुंदर काम, पण तो फक्त छोट्या २.३ इंजिनला, २.७ व्ही सिक्सला नाही. म्हणजे इथेही तेच, मॅन्युअल हवा तर इंजिन कंपनी ठरवणार. आणि भारतात येणारी रँग्लर तर २.० पेट्रोल ऑटोच, निवडायला काही ठेवलंच नाही.

माझी स्वतःची व्ही सिक्स मॅन्युअल आहे, पण प्रामाणिकपणे, दगडांवर ऑटोवाले मित्र माझ्यापेक्षा शांत असतात. टॉर्क कन्व्हर्टर, म्हणजे ऑटोमध्ये क्लचच्या जागी असणारा तेलाचा जोड, चाक दगडाला टेकवून धरतो आणि हळूच वर चढवतो, त्याला हाफ क्लच नाही आणि बंद पडणं नाही. मी मात्र क्लचचा वास घेत असतो.

लो_रेंज:
दगडांवर हो. आपल्याकडे दगड कमी, चिखल जास्त. आणि कन्व्हर्टर गरम होतो त्याचं काय?

ह्यूस्टनकर:
लो रेंजमध्ये चालवलं तर नाही होत एवढा. लोक हाय रेंजमध्येच रेटत बसतात तेव्हा होतो. ऑटोमध्येही पहिल्या गिअरला लॉक करून उतरता येतं, तेवढं मॅन्युअलचं राज्य आता राहिलेलं नाही.

हिशोबी_नाशिक:
कोणीच टॅक्सचं बोललं नाही म्हणून. कोणतं इंजिन कुठे मिळतं याचं निम्मं उत्तर तिथे आहे. चार मीटरच्या आतली गाडी आणि डिझेल १५०० सीसीच्या आत असेल तर सप्टेंबर २०२५ पासून जीएसटी १८ टक्के, नाहीतर ४०. तीन दरवाजांची थार ३९८५ मिलिमीटर आहे, त्यात १.५ डिझेल टाकलं की ती १८ मध्ये बसते, २.२ टाकलं की ४०. आधीच्या दरांतही असाच फरक होता, म्हणून ते १.५ इंजिन आलं, मॅन्युअलच आलं, आणि स्वस्तात द्यायची म्हणून फोर बाय फोर काढून टाकली. शेजारी विचारतात थार एवढी स्वस्त कशी, तर ती ही. जिमनी पण चार मीटरच्या आत आहे पण पेट्रोलला मर्यादा १२०० सीसीची आणि तिचं इंजिन १४६२, म्हणून बिचारी ४० मध्ये. वर महाराष्ट्रात रोड टॅक्स डिझेलला पेट्रोलपेक्षा दोन टक्के जास्त, वीस लाखांच्या पुढे १३ आणि १५. वीस लाखांच्या गाडीला चाळीस हजार इथेच गेले, डिझेलचं अ‍ॅव्हरेज काढताना ते धरा.

घाटवाट_पुणे:
सगळ्यांचे आभार, एवढं कोणत्याच शोरूमने सांगितलं नव्हतं. बायको म्हणते की मॅन्युअल पाहिजे हा हट्ट तुझा आहे, तिला ट्रॅफिकमध्ये ऑटोच बरी वाटते. पण ती शेतावर गाडी नेणार नाही हेही तिनेच सांगितलंय. सध्या मनात दोन आहेत, रॉक्स डिझेल मॅन्युअल फोर बाय फोर आणि गुरखा. ऑफिसला दोन दिवस स्कूटर नेईन, शनिवारी वेल्हे ठरलेलंच आहे, म्हणजे डीपीएफचं भागेल असं वाटतं. टेस्ट ड्राइव्हला काय बघू?

डिझेलधूर:
नुसती रस्त्यावरची टेस्ट ड्राइव्ह घेऊ नका, फोर-लो टाकून दाखवा म्हणा. बरेच सेल्समन कधी टाकलेलीच नसते म्हणून टाळतात. एखादा चढ शोधा, मध्यावर थांबवा, इंजिन बंद करा आणि परत निघून बघा, मग रिव्हर्सला त्याच चढावरून खाली या. कच्च्यात चढ पूर्ण झाला नाही तर असंच उलटं यावं लागतं, वळवायला जागा नसते. आणि आई-बाबांना सोबत न्या, गुरखा उंच आहे, चढायला त्रास होतो.

कोकणी_जिमनी:
साइड स्टेप लावून घेणार असाल तर खाली किती लोंबते ते वाकून बघा. कच्च्यावर पहिला दगड तीच खाते.