आक्षेपार्ह मजकुरावर बंदी घातल्याने गुन्हे कमी होतात का?

शंकासुर:
2018 मध्ये देहरादूनमधील एका शाळकरी मुलीवरील अत्याचाराच्या प्रकरणानंतर उत्तराखंड उच्च न्यायालयाने अश्लील संकेतस्थळे बंद करण्याचे निर्देश दिले आणि केंद्राने 827 स्थळे रोखण्यास सांगितले. आरोपींनी तसली दृश्ये पाहिली होती, हा त्यामागचा धागा. असा मजकूर रोखल्याने गुन्हे खरोखर घटतात का? घटत नसतील, तर बंदीला कोणता आधार उरतो?

उत्तरध्रुव:
या प्रश्नाची सर्वांत जुनी कसोटी डेन्मार्कमध्ये लागली. तिथे 1967 मध्ये अश्लील लेखनावरील आणि 1969 मध्ये अश्लील चित्रांवरील बंदी उठली. बेर्ल कुचिन्स्की या अभ्यासकाला त्यानंतर चोरून पाहण्यासारख्या गुन्ह्यांच्या आणि बालकांवरील लैंगिक अत्याचारांच्या तक्रारी घटलेल्या आढळल्या. बलात्काराच्या तक्रारींत मात्र तशी घट दिसली नाही. अर्थात नोंदवलेली तक्रार म्हणजे घडलेला गुन्हा नव्हे, त्यामुळे बंदी उठवल्याने गुन्हे थांबतात असा उलटा निष्कर्षही मी काढणार नाही.

कलम_एकोणीस:
शंकासुर, आपल्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर कायद्यातच आहे. राज्यघटनेच्या कलम 19(2) मध्ये सभ्यता व नीतिमत्ता हा निर्बंधाचा एक आधार आहे आणि गुन्ह्यास चिथावणी हा दुसरा, निराळा आधार आहे. अश्लीलतेचा खटला पहिल्या आधारावर चालतो. जुन्या दंडसंहितेचे कलम 292 असो किंवा आजच्या न्याय संहितेचे 294, वाचकाने पुढे गुन्हा केला हे सरकारी पक्षाला सिद्ध करावेच लागत नाही. चंद्रकांत काकोडकर यांच्या दिवाळी अंकातील कथेवरचा खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि 1969 मध्ये ते निर्दोष ठरले, तेव्हाही वाद कथेचा वाचकाच्या मनावर काय परिणाम होईल याचाच होता. गुन्हे रोखण्याचा दावा जाहीर सभेत उपयोगी पडतो; न्यायालयात त्याची गरज नसते, म्हणूनच तो कोणी तपासून पाहत नाही.

पेठकरी:
अश्लीलता बाजूला ठेवून भावना दुखावणाऱ्या मजकुराकडे पाहिले, तर चित्र आणखी विचित्र दिसते. जेम्स लेन यांचे शिवाजी महाराजांवरील पुस्तक प्रकाशकाने नोव्हेंबर 2003 मध्येच भारतातून मागे घेतले होते. तरीही 5 जानेवारी 2004 रोजी पुण्यातील भांडारकर संस्थेवर हल्ला झाला आणि राज्य सरकारने बंदी घातली ती त्यानंतर. म्हणजे पुस्तक बाजारात नसूनही गुन्हा घडला आणि बंदी आली ती हल्लेखोरांची मागणी मान्य झाल्यासारखी. उच्च न्यायालयाने 2007 मध्ये बंदी रद्द केली, 2010 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तो निर्णय कायम ठेवला. पण तोवर अभ्यासकांनी आणि प्रकाशकांनी घ्यायचा तो धडा घेतला होता.

शंकासुर:
मग बालकांच्या लैंगिक शोषणाच्या चित्रफितींनाही हाच न्याय लावायचा का?

कलम_एकोणीस:
नाही. त्या चित्रफितीत गुन्हा आधीच घडलेला असतो आणि ती पुन्हा पाहिली गेली की त्याच मुलाला पुन्हा इजा होते. म्हणून पाहणारा पुढे काय करील हा अंदाज तिथे बांधावाच लागत नाही. पोक्सो कायद्याचे कलम 15 अशी सामग्री बाळगण्यालाही शिक्षा सांगते आणि सर्वोच्च न्यायालयाने 2024 मध्ये त्याचा अर्थ अधिक कडकपणे लावला आहे. काकोडकरांच्या कथेतील पात्रांपैकी कोणालाही अशी इजा झालेली नव्हती.