आधी झाड बघ
इथे एकाने लिहिलंय, 'यूट्यूब असताना मार्गदर्शक कशाला?' अर्धं पटलं. मुंबईची नोकरी सोडून देवगडला आजोबांची हापूसची बाग सांभाळायला आलो, तेव्हा मीही मोबाइलच्याच भरवशावर होतो. कल्टारचं, म्हणजे मोहोर नियमित यावा म्हणून आंब्याला घालायच्या औषधाचं, गणित तोंडपाठ: झाडाच्या विस्ताराच्या व्यासाला मीटरमागे ३ मिली, १५ जुलै ते १५ ऑगस्ट. दापोलीच्या कृषी विद्यापीठाची शिफारस, त्यात चूक काहीच नाही. बाटली घेऊन निघालो, तर शेजारचे काका गडग्यापलीकडून ओरडले, "आधी झाड बघ रे, मगे बाटली उघड!"

मग भर पावसात कलमाकलमाखाली फिरवलं. बांडगुळाने धरलेली, फांद्या वाळत चाललेली आठ कलमं वगळायला लावली. "हेंका यंदा शेणखत घाल, औषध नको." ही आठ कुठली, ते कुठल्या व्हिडिओत दिसणार होतं?

काका गोड बोलणारे नव्हेत हां. पहिलं वर्षभर नुसत्या शिव्या खाल्ल्या. आयुष्याबद्दल वगैरे तर ते बोलतच नाहीत. एकदा मे महिन्यात, अगदी कंटाळून, 'परत मुंबईला जाऊ का?' असं विचारलं. माझ्याकडे न बघताच म्हणाले, "पयली ती पेटी भर."