‘मदत लागते’ एवढ्याने नोंद पूर्ण होत नाही

गोनिओमीटर, म्हणजे सांध्यांचे कोन मोजायचं साधन, हातात बसला की ऑक्युपेशनल थेरपीच्या फील्डवर्कची (रुग्णांसोबतच्या प्रत्यक्ष प्रशिक्षणाची) निम्मी तयारी झाली, असं म्हटलं जातं; मला ते अर्धंच पटतं. कोन मोजता यायलाच हवेत, पण विद्यार्थी अडतात ते कृतीचं विश्लेषण करताना, म्हणजे ती पायरीपायरीने उलगडताना. पक्षाघातानंतर शर्ट घालणंच घ्या. रुग्ण खुर्चीत, दोन्ही पावलं जमिनीवर टेकलेली. शर्ट मांडीवर असा पसरायचा की लुळ्या बाजूच्या बाहीचं तोंड रुग्णाला दिसेल, आणि ती बाही दोन गुडघ्यांच्या मध्ये सोडायची. कमरेतून पुढे वाकून लुळा हात बाहीच्या तोंडाशी नेला की तो स्वतःच्या वजनाने आत उतरतो. खरी मेख पुढे आहे: बाही कोपराच्या वर, थेट खांद्यापर्यंत ओढून घ्यायची. ती कोपराखाली राहिली, तर शर्ट पाठीमागून फिरवताना निसटते आणि सगळं पहिल्यापासून. काढताना क्रम उलटा, चांगला हात आधी. घाईत लुळा हात धरून ओढू नका, कृपा करून; सैल पडलेल्या खांद्याला त्यानेच इजा होते.

नोंदीत कोणत्या पायरीला मदत लागली, तोंडी सूचना की हाताचा आधार, आणि किती वेळा, हे लिहा. एफआयएम (रुग्ण रोजची कामं किती स्वतः करतो ते मोजणारी श्रेणी) वापरत असाल तर रुग्ण स्वतः ७५ टक्के किंवा जास्त करतो तेव्हा ‘किमान मदत’, ५० ते ७४ टक्क्यांना ‘मध्यम’. त्यासाठी आपले हात मागे ठेवून थांबावं लागतं. बाही आपणच आधी धरली, तर रुग्णाला काय जमतं ते कळणारच नाही.