काळा बोळ, हिराबोळ आणि कोरफड

विचारणा

सुनेच्या बाळंतपणासाठी लागणाऱ्या काष्ठौषधींची यादी घेऊन मी महाद्वार रस्त्यालगतच्या एका जुन्या दुकानात गेले होते. सुंठ, वावडिंग, बाळंतशेपा, डिंक यांच्याखाली सासूबाईंनी नुसते ‘बोळ’ एवढेच लिहिले होते. दुकानदारांनी “काळा देऊ का हिराबोळ?” असे विचारले आणि मला उत्तर देता आले नाही. शेजारच्या काकू म्हणतात की काळा बोळ म्हणजे कोरफडच. तसे असेल तर कुंडीतली हिरवीगार कोरफड आणि दुकानातला तो काळा खडा यांचा संबंध काय, आणि बाळंतिणीचा बोळ यांपैकी कोणता?

उत्तर

ताई, तुमच्या काकूंचे म्हणणे बरोबर आहे. मात्र ते अर्धेच आहे, आणि उरलेल्या अर्ध्यावर बरेच काही अवलंबून आहे. दुकानदारांनी विचारल्याशिवाय पुडी बांधली नाही, हे फार चांगले केले.

आधी बाळंतिणीचा बोळ पाहू. तो हिराबोळ होय आणि त्यालाच बाळंतबोळ असेही म्हणतात. आपल्या गुग्गुळाच्या जातकुळीतील एका काटेरी झुडपाचा हा सुगंधी, तांबूस-पिवळसर डिंक असून तो सोमालिया व अरबस्तानाकडून येतो. गुळाबरोबर त्याच्या बारीक गोळ्या करून बाळंतिणीला देण्याची चाल आपल्याकडे आहे. कोरफडीशी त्याचा काडीचाही संबंध नाही. (पेठेतल्या गल्लीबोळातला बोळ हा तिसराच, त्याला या चर्चेत आणायला नको.)

काळा बोळ मात्र कोरफडीचाच, पण तो कोरफडीचा गर नव्हे. कोरफडीचे जाड पान बुडापाशी आडवे कापून तिरके धरले, तर पिळावे न लागता सालीच्या आतल्या कडेने पिवळा चीक थेंबाथेंबाने गळू लागतो. मधला पारदर्शक गर जागचा हलत नाही. हा चीक बोटाला लागला तर थोड्या वेळाने तपकिरी डाग पडतो, आणि जिभेला लागला तर कडवटपणा बराच वेळ जात नाही. हाच चीक गोळा करून आटवला आणि वाळवला की काळपट, ठिसूळ, काचेसारखा फुटणारा खडा तयार होतो. तो काळा बोळ. हिंदी मुलखात त्यालाच एलुवा किंवा मुसब्बर म्हणतात. पूर्वीच्या व्यापारात सौराष्ट्राच्या किनाऱ्यावरील जाफराबादचा आणि सोकोत्रा बेटाचा असा माल प्रसिद्ध होता. सोकोत्राची कोरफड आपल्या कोरफडीहून वेगळ्या जातीची आहे.

अर्थात एकाच पानात दोन वेगळी द्रव्ये आहेत आणि त्यांचे गुणही वेगळे आहेत. गरात 98 ते 99 टक्के पाणी असते आणि उरलेल्या भागात बुळबुळीत, ओलावा धरून ठेवणारी शर्करा-द्रव्ये असतात. त्यामुळे किरकोळ भाजणे, उन्हाने कातडी रापणे, खरचटणे, केसांच्या मुळाशी कोरडेपणा येणे यांवर तो बाहेरून लावला जातो. चिकात अ‍ॅलोइन नावाचे तीव्र रेचक द्रव्य असते. ते पोटात गेल्यावर लगेच काम करीत नाही. मोठ्या आतड्यातील जिवाणू त्याचे रूपांतर करतात, तेव्हा कुठे आठ ते बारा तासांनी जुलाब होतो. रात्री घेतलेल्या औषधाचा परिणाम सकाळी दिसतो तो यामुळे.

संस्कृत आणि शेजारच्या भाषांतील नावे पाहिली तर कोणाची नजर पानाच्या कोणत्या भागावर होती, ते कळते. घृतकुमारी या नावातील घृत गराच्या तुपासारख्या स्निग्धपणावरून आले, तर गडहिंग्लज-निपाणीकडे कानांवर पडणाऱ्या कन्नडमधील ‘लोळेसर’ या नावातही लोळे म्हणजे बुळबुळीत हाच भाग आहे. भावप्रकाश या आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथात मात्र कुमारीला, म्हणजे कोरफडीला, ‘भेदनी’ म्हणजे बांधलेला मळ फोडून खाली पाडणारी म्हटले आहे आणि त्याच ठिकाणी ‘शीता’ असेही म्हटले आहे. माझ्या मते पहिल्या विशेषणाचा रोख चिकाकडे अधिक आणि दुसऱ्याचा गराकडे अधिक आहे, कारण संपूर्ण पानाचा रस घेतला की दोन्ही एकत्र येतात. अलीकडे सर्रास वापरला जाणारा ‘अ‍ॅलोव्हेरा’ हा शब्द गर, रस, चीक, साबण, शांपू अशा सगळ्यांना एकच लागतो. मराठीने गर आणि बोळ अशी जी फोड करून ठेवली आहे, ती त्यापेक्षा कितीतरी उपयोगाची आहे.

आता मुख्य सावधगिरी. काळा बोळ हा हिराकस, टाकणखार आणि हिंग यांच्याबरोबर रजःप्रवर्तिनी वटीत पडतो, म्हणजे अडलेली पाळी आणण्यासाठी तो वापरला जातो; म्हणूनच गरोदरपणात तो पोटात घेऊ नये. अंगावर पाजणाऱ्या बाईनेही तो टाळावा, कारण बाळाला जुलाब होण्याचा धोका सांगितला जातो. हिराबोळही बायकांच्याच औषधांत येत असल्यामुळे नुसते ‘बोळ’ लिहिले की नेमका इथे घोटाळा होतो. आणलेली पुडी वैद्यांना दाखवूनच वापरावी.

उपप्रश्न

आमच्याकडे मुलांना खोकला झाला की कोरफडीचे पान निखाऱ्यावर भाजून त्याचा रस मधातून देतात. शिवाय आजोबांच्या वहीत काही औषधांत ‘कुमारी’ एवढेच लिहिले आहे. ते गर समजायचे की काळा बोळ?

उत्तर

खोकल्याच्या या उपायासाठी पान कापल्यावर त्याचे कापलेले टोक खाली करून ते पेल्यात पंधरा-वीस मिनिटे उभे ठेवावे, पिवळा चीक निथळू द्यावा, पान धुवावे आणि मगच भाजावे. नुसत्या भाजण्याने चीक निघून जातो, असे समजू नये. एक वर्षाखालील बाळाला मध मुळीच देऊ नये, आणि लहान मुलांच्या बाबतीत हा रस डॉक्टरांना विचारल्याशिवाय न दिलेलाच बरा. शेताच्या बांधावरची घायपात ही कोरफड नव्हे, हेही लक्षात असू द्यावे; तिच्या रसाने अंगाची आग होते आणि पुरळ उठते. बाटलीतला रस घ्यायचाच असेल तर चीक काढलेला आहे की संपूर्ण पानाचा आहे, ते वाचावे. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने 2002 मध्ये चिकापासून केलेली सारक औषधे चिठ्ठीशिवाय विकणे थांबवले, कारण ती सुरक्षित असल्याची पुरेशी माहिती उत्पादकांनी दिली नाही.

वहीच्या बाबतीत मी आधी माप पाहीन. ‘कुमारी स्वरस’ असे असेल तर तो ताज्या पानाचा रस. ‘कुमारीसार’ किंवा ‘कन्यासार’ असेल तर तो काळा बोळ. नुसते ‘कुमारी’ असेल आणि पुढे तोळे लिहिले असतील, तर रस किंवा गर अभिप्रेत असण्याची शक्यता अधिक. गुंजा लिहिल्या असतील, तर काळा बोळ. आठ गुंजांचा एक मासा आणि बारा माशांचा एक तोळा, म्हणजे एका तोळ्यात 96 गुंजा होतात. गराच्या ठिकाणी तोळाभर काळा बोळ पडला तर केवढा अनर्थ होईल, ते या हिशेबावरून दिसतेच. ‘कुमारीच्या रसात खल करावा’ असे जिथे असेल, तिथे माप नसले तरी अर्थ ताज्या रसाचाच घ्यावा, कारण खल करायला पातळ द्रव्यच लागते.