मदत हवी आहे: फोंडा-पणजी भागात दारू सोडणाऱ्यांच्या मीटिंगला पहिल्यांदाच जायचंय

नमस्कार मंडळी. स्वतःसाठीच विचारतोय. वय 43, फोंड्याजवळ राहतो, कारखान्यात शिफ्टची नोकरी. सुरुवात मित्रांबरोबर हुर्राकाच्या (काजूची हलकी दारू) दिवसांत झाली, मग फेणी आणि शेवटची चार वर्षं हाताला लागेल ते. सकाळी हात स्थिर व्हायलाही घोट लागायचा.

गेल्या चवथीला (गणेश चतुर्थीला) माटोळी, म्हणजे गणपतीच्या वर टांगायची फळा-पानांची चौकट, बांधायला स्टुलावर चढलो. केवणीच्या दोराची गाठ काही केल्या बसेना, बोटं नुसती थरथरत होती. सुपारीचा घड दोनदा खाली पडला. चौदा वर्षांच्या मुलाने काही न बोलता माझ्या हातातून दोर घेतला आणि सगळी माटोळी त्यानेच बांधली. त्या दिवशीही संध्याकाळी प्यायलोच, हे लिहिताना लाज वाटते.

गेल्या महिन्यात मनाने ठरवून एकदम बंद केली, तर दुसऱ्या दिवशी फिट आली. मग बांबोळीला आयपीएचबी या सरकारी मनोरुग्णालयात दाखल झालो. आज 23 दिवस झाले, एक थेंब नाही. डॉक्टर म्हणाले, औषधांनी शरीर सावरेल, पण घरी गेल्यावर एकटे राहू नका, एएच्या (अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस, दारू सोडणाऱ्यांची संघटना) मीटिंगला जा.

मंगळवारी गेलो होतो. चर्चच्या आवारातला हॉल. बाहेर स्कूटर लावून वीस मिनिटं उभा राहिलो. तेवढ्यात आमच्याच कारखान्यातला एक माणूस आत जाताना दिसला आणि मी स्कूटर वळवली. आपला गोवा केवढा, माहीत आहे तुम्हाला. उद्या कँटीनमध्ये चर्चा झाली तर? शिवाय मी हिंदू, चर्चच्या हॉलात चालेल का? इंग्रजीत बोलावं लागतं का? पहिल्याच दिवशी सगळं सांगायला लावतात का? बायकोला यायचंय, तिला आत घेतात का? कुणी जाऊन आलं असेल तर सांगा. चवथ जवळ आलीय, घरी पाहुणे येणार, त्याआधी पाय घट्ट करायचेत.

डिचोलीकर:
दादा, 23 दिवस म्हणजे खूप झाले. मला 9 वर्षं झाली, पण पहिले तीन आठवडे अजून आठवतात.

तो कारखान्यातला माणूस तिथे कशाला आला होता, याचा विचार केलात का? तुम्ही ज्यासाठी गेलात, बहुधा त्याचसाठी. तोही तुम्हाला बघून दचकला असता. आत जे ऐकलं, जो दिसला, ते बाहेर न्यायचं नाही, हा एएचा कणा आहे. आडनाव विचारत नाहीत, रजिस्टर नाही, फी नाही. शेवटी टोपली फिरते, ऐपत असेल तर दहा-वीस रुपये टाका, नसेल तर पुढे सरकवा. पिणं थांबवायची इच्छा, एवढीच अट.

बोलायची सक्ती नाही. पाळी आली की नाव सांगायचं आणि "आज फक्त ऐकतो" म्हणायचं. कुणी मध्ये तोंड घालत नाही, सल्ले देत नाही. आमच्याकडे कोकणीच जास्त चालते. मी मराठीत बोलतो, सगळ्यांना कळतं.

चर्चचं म्हणाल तर ती फक्त जागा. 1935 साली अमेरिकेतल्या अ‍ॅक्रनमध्ये एक शेअर दलाल आणि एक सर्जन, दोघेही पिणारे, एकमेकांना भेटले आणि त्यातून हे उभं राहिलं. एएच्या दारू सोडण्याच्या बारा पायऱ्यांमध्ये देवाचा उल्लेख आहे, पण ज्याला जसा उमगला तसा. मी मनात शांतादुर्गेचं नाव घेतो.

जायच्या आधी एएच्या नंबरवर फोन करून आजची वेळ-जागा विचारा, कारण ती बदलते. नवीन आहे म्हणून सांगा, कुणीतरी गेटवर येऊन उभं राहील.

मांडवीकाठ:
वहिनींसाठी लिहिते. ओपन मीटिंग असेल तर त्या तुमच्यासोबत बसू शकतात. क्लोज्ड मीटिंग फक्त पिण्याचा त्रास असलेल्यांची. पण त्यांची स्वतःची जागा म्हणजे अल-अनॉन, घरच्यांसाठी वेगळी संघटना, 1951 पासूनची. मी नवऱ्याच्या बाटलीवर बॉलपेनने खूण करून ठेवायचे, रोज रात्री किती उतरली ते बघायचे. तिथे पहिल्यांदा कळलं, असं करणारी मी एकटी नाही. तुमच्या मुलालाही कुणाशी तरी बोलू द्या. माटोळी बांधताना तो गप्प राहिला, पण त्याने सगळं पाहिलंय.

परिचारिका_बार्देश:
वाचणाऱ्या इतरांसाठी महत्त्वाचं. रोज भरपूर पिणाऱ्याने घरी एकदम बंद करू नये. शेवटच्या घोटानंतर साधारण 6 ते 48 तासांत फिट येऊ शकते, दोन-तीन दिवसांनी भास आणि भ्रम सुरू होऊ शकतात, जीवही जाऊ शकतो. आधी दवाखाना, मग मीटिंग. थरथर, घाम, उलट्या, असंबद्ध बडबड दिसली तर वाट बघू नका, सरळ गोमेकॉ (गोवा मेडिकल कॉलेजचं इस्पितळ) गाठा. कुठे जावं सुचत नसेल तर व्यसनमुक्तीचा 14446 हा राष्ट्रीय नंबर आहे, फोन फुकट लागतो. मनाची घालमेल असेल तर टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा 14416.

मूळ प्रश्नकर्ता:
सगळ्यांचे मनापासून आभार. काल गेलो. डिचोलीकर दादांनी सांगितल्याप्रमाणे आधी फोन केला, गेटवर एक वयस्क गृहस्थ छत्री घेऊन थांबले होते. आमच्या कारखान्यातला तो माणूस आत होता. त्याने माझ्यासाठी शेजारची खुर्ची ओढली, चहाचा कप हातात दिला, बास. मी नाव सांगितलं आणि ऐकतो म्हणालो, पण शेवटी माटोळीची गोष्ट तोंडातून निघूनच गेली. कुणी मान हलवण्यापलीकडे काही केलं नाही. घरी आल्यावर पहिल्यांदाच पोटभर जेवलो.

पुढच्या मंगळवारी बायको येतेय, ओपन मीटिंग आहे. फोंडा किंवा मडगावच्या बाजूला अल-अनॉन कधी भरतं हे कुणाला ठाऊक असेल तर कृपया कळवा. चवथीच्या आत तिला एकदा तरी जाता यावं अशी इच्छा आहे.